प्रस्तावना : आधीच लिहून दिलेली परवानगी

अर्विंगच्या थॉमस जेफरसन पार्कमध्ये महात्मा गांधींचा पुतळा आहे. 2014 च्या 2 ऑक्टोबरला त्याचं अनावरण झालं. डॅलस-फोर्टवर्थ भागातली मराठी माणसं भारतातून आलेल्या आईवडिलांना तिथे घेऊन जातात, फोटो काढतात आणि येता येता किराणा घेऊन घरी येतात. बागेला ज्याचं नाव आहे तो आणि बागेत जो उभा आहे तो, दोघांनीही या पुस्तकाच्या विषयाला हात घातला होता, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. जेफरसनने 1813 मध्ये आयझॅक मॅकफर्सन यांना पाठवलेल्या पत्रात असं मांडलं, की माझ्या मेणबत्तीवर कुणी आपली मेणबत्ती पेटवून घेतली तर त्याला उजेड मिळतो आणि माझा उजेड काही कमी होत नाही, कल्पनांचंही तसंच. पत्र पेटंटबद्दलचं होतं, पण बौद्धिक मालकीवरच्या वादांत ते आजतागायत साक्षीला बोलावलं जातं. गांधींनी असा तात्त्विक वाद मांडला नाही. ‘हिंद स्वराज्य’ या मूळ गुजराती पुस्तकावर मुंबई सरकारने बंदी घातली, आणि 1910 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्सच्या छापखान्यातून निघालं, तेव्हा कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत अशी ओळ त्यावर छापलेली होती. पुढे त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपवले, ते भारतात 2008 च्या अखेरीस संपले. पण 1910 ची ती एक ओळ मला जेफरसनच्या सुंदर पत्रापेक्षा जास्त मोलाची वाटते. कारण ती पुस्तकावरच छापलेली होती. पुस्तक हातात पडलेल्या कुणालाही कुणाला विचारायला जायची गरज उरली नव्हती.

त्या पुतळ्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याचा फोटो तुम्ही काढलात, तरी ‘घ्या आणि हवा तसा वापरा’ म्हणून तो जगाला देऊन टाकणं एकट्या तुमच्या हाती नाही. अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम 120 ने इमारतींची छायाचित्रं काढायला आणि छापायला मोकळीक दिली आहे. शिल्पांना ती लागू नाही. घरच्या अल्बमला कुणी हरकत घेणार नाही, पण पोस्टकार्ड छापून विकायची तर शिल्पकाराला विचारावं लागेल. लास कोलिनासच्या विल्यम्स स्क्वेअरमध्ये रॉबर्ट ग्लेन यांनी घडवलेले नऊ कांस्य घोडे 1984 पासून कारंज्याच्या पाण्यातून दौडताहेत. त्यांच्या बाबतीत तर त्या काळच्या नियमाप्रमाणे हक्काची खूण कशी आणि कुठे लावली होती, इथून चौकशी सुरू होते. हाच गांधींचा पुतळा नागपूरच्या किंवा सांगलीच्या चौकात असता, तर भारतीय कायद्याच्या कलम 52 नुसार त्याचा फोटो काढा, छापा, विका, कुणी अडवणार नाही. पुस्तकावर ‘हक्क राखलेले नाहीत’ असं छापणाऱ्या माणसाचा पुतळा अमेरिकेत हक्कांत अडकलेला आणि भारतात मोकळा. कॉपीराइट देशागणिक कसा बदलतो, हे समजावून सांगायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलं नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. कॉपीराइट मिळवण्यासाठी आज काहीच करावं लागत नाही. अमेरिकेत 1 मार्च 1989 पर्यंत प्रसिद्ध होणाऱ्या कृतीवर हक्काची खूण लागायची. बर्न करारात देश सामील झाला आणि ती अट गेली. भारताच्या 1957 च्या कायद्यातही नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही कविता कागदावर उतरवली, गणपतीच्या मिरवणुकीचा फोटो काढला, मुलांसाठी नाटुकलं टाइप केलं, की त्या क्षणी हक्क तुमचा; अमेरिकेत तुमच्या हयातीनंतर 70 वर्षं, भारतात 60 वर्षं. पूर्वी हक्क राखायचा असेल तर तसं लिहावं लागायचं. आता सोडायचा असेल तर लिहावं लागतं. मौनाचा कायदेशीर अर्थ ‘सर्व हक्क राखीव’ असा झाला आहे, आणि आपली मंडळी तर या बाबतीत मौनच पाळून असतात. माझ्या मते मराठीपुढचा खरा प्रश्न चोरीचा नाही, या मौनाचा आहे. आपल्याकडे द्यायला कुणाची ना नसते. ‘अहो घ्या की, त्यात काय विचारायचं’ हे उत्तर मिळतं, पण ते तोंडी मिळतं, फोनवर मिळतं, आणि ते देणारा माणूस गेला की त्याच्याबरोबर जातं.

परिसरातल्या कुठल्याही रविवारच्या मराठी शाळेत डोकावून बघा. शिक्षिकेने धड्याच्या प्रती काढलेल्या असतात. धडा कुठून घेतला विचारलं तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून. पुस्तकं तिथे विनामूल्य उतरवून घेता येतात हे खरं, पण त्यांचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाने राखलेले आहेत. तो धडा सोपा करून, इंग्रजी शब्दार्थ घालून दुसऱ्या राज्यातल्या शाळेला पाठवायचा तर ‘पैसे लागले नाहीत’ एवढं पुरत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत कुठल्या तरी दिवाळी अंकातला लेख असतो, खाली ‘साभार’ छापलेलं असतं. आभार मानले म्हणजे परवानगी मिळाली, अशी आपली भाबडी समजूत. एकांकिकेची संहिता पुण्याच्या मित्राकडून आलेली असते, मित्राला ती कॉलेजच्या स्पर्धेत मिळालेली असते, आणि लेखकाचं नाव पहिल्या पानाबरोबर कुठे तरी गळून पडलेलं असतं. आणि फोनवर रोज सकाळी येणाऱ्या ललित लेखांखाली लेखकाच्या जागी काय असतं, ते सांगायला नकोच.

हे नाव गळणं मराठी माणसाला खरं म्हणजे झोंबायला हवं. आपल्या संतकवींनी आपलं नाव अभंगाच्या शेवटच्या चरणातच गुंफून ठेवलं. नाममुद्रा काढली तर चरण लंगडा पडतो. वारकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या अभंग उतरवून घेतले, वह्या भरल्या, गावोगावी नेल्या. संताजी जगनाड्यांच्या वह्यांची आठवण परंपरा अभिमानाने सांगते. या नकला करणाऱ्यांवर कुणी कधी आळ घेतला नाही. आळ आला तो सालोमालोवर. प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये तो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो, आणि प्रेक्षकाला त्याची चीड येते ती नक्कल केली म्हणून नव्हे. उतरवून घ्या, गा, पण नाव ठेवा, ही अट आपल्याकडे छापखान्याआधीपासून आहे. अर्थात यावरून ‘मुक्त परवाने आमच्याकडे आधीच होते’ असं म्हणत सुटू नये. कीर्तनकाराचं पोट अभंगाच्या प्रतींवर चालत नव्हतं. कादंबरीकाराचं चालतं, निदान चालावं अशी अपेक्षा असते. छापखाना आला, प्रती विकल्या जाऊ लागल्या, आणि 1710 मध्ये इंग्लंडच्या राणी अ‍ॅनच्या काळातल्या कायद्याने लेखकाला ठरावीक वर्षांचा हक्क दिला. अमेरिकेच्या 1790 च्या पहिल्या कायद्यात ही मुदत 14 वर्षं होती, लेखक हयात असेल तर आणखी 14. पुढच्या दोन शतकांत ती वाढतच गेली.

मुक्त परवान्यांची चळवळ या वाढीला उत्तर म्हणून उभी राहिली, पण सुरुवात साहित्यात झाली नाही, संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं आणि 1989 मध्ये जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स जाहीर केलं. त्यातली युक्ती अशी, की कॉपीराइट मोडायचा नाही, त्याच्याच जोरावर उलटी अट घालायची: हा प्रोग्रॅम घ्या, बदला, वाटा; मात्र बदललेला वाटलात तर याच अटींवर वाटा. म्हणजे मोकळेपणाही पुढे सरकत राहतो, मध्येच कुणी कुंपण घालू शकत नाही. त्यांच्या समकालीनांत दुसरा एक गट होता, बर्कली आणि एमआयटीच्या परवान्यांचा. त्यांचं म्हणणं साधं: आमचं नाव ठेवा, बाकी काय हवं ते करा, कुंपण घातलंत तरी चालेल. आज इतक्या वर्षांनीही कुठल्याही मुक्त परवान्याच्या चर्चेत हे दोन स्वभाव ओळखू येतात. एकाला स्वातंत्र्य टिकण्याची काळजी आहे, दुसऱ्याला प्रसाराची.

साहित्य, चित्र, संगीत यांच्यासाठी लागणारा परवाना यायला आणखी काही वर्षं गेली, आणि त्याला एक हरलेला खटला कारण झाला. अमेरिकेने 1998 मध्ये कॉपीराइटची मुदत सरसकट 20 वर्षांनी वाढवली. जुनी पुस्तकं महाजालावर मोफत ठेवणाऱ्या एरिक एल्ड्रेड यांनी त्याला आव्हान दिलं. बाजू लढवली कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2003 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल सरकारच्या बाजूने दिला. पण तोवर लेसिग आणि त्यांच्या सोबत्यांनी वाट बदलली होती. कायदा बदलत नसेल तर हक्कधारकांनीच आपल्या हक्कांतला काही भाग आधीच लिहून मोकळा करावा, या विचाराने 2001 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था निघाली आणि डिसेंबर 2002 मध्ये तिचे पहिले परवाने आले. सध्या चालू असलेली आवृत्ती 4.0, ती 2013 ची.

या परवान्यांचं सगळं शास्त्र चार अटींत बसतं. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे बदल करून वाटलंत तर याच परवान्याने वाटा. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको, आणि ‘एनडी’ म्हणजे बदललेली प्रत वाटू नका. या अटींच्या जुळण्यांतून सहा परवाने तयार होतात, आणि सहाही परवान्यांत श्रेयाची अट आहेच. त्यांच्या बाहेर ‘सीसी झीरो’ आहे, 2009 पासूनचा, ज्यात देणारा श्रेयाचीही अट ठेवत नाही. प्रत्येक परवाना तीन रूपांत असतो: वकिलासाठी पूर्ण मसुदा, सामान्य माणसासाठी एका पानाचा गोषवारा, आणि शोधयंत्राला वाचता येईल अशी खूण. नवख्या माणसाची गफलत होते ती गोषवारा वाचून थांबण्यात. एकदा दिलेला परवाना ज्याने कृती घेतली त्याच्याकडून परत घेता येत नाही, हे वाक्य मसुद्यात आहे आणि सही करण्याआधी ते दोनदा वाचायला हवं.

तिसरा मोठा प्रवाह शिक्षणाचा. त्यातलं एक ठळक नाव टेक्सासचं आहे: ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात 1999 मध्ये कनेक्शन्स नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यातूनच 2012 पासून ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं निघू लागली. शेकडो डॉलर किंमतीच्या पुस्तकांना विनामूल्य पर्याय मिळाला, आणि पुस्तकं मुक्त परवान्याची असल्याने प्राध्यापक त्यात आपले धडे घालू शकतो. भारतात प्रथम बुक्सने 2015 मध्ये स्टोरीवीव्हर सुरू केलं. तिथली बालगोष्ट कुणीही मराठीत आणावी, चित्रं तशीच वापरावीत, छापून वाटावी. अट फक्त लेखक-चित्रकारांच्या नावांची. आपल्या मराठी शाळांना याचा किती उपयोग आहे हे मी वेगळं सांगत नाही. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोशाचे खंड 2013 मध्ये ‘बाय-एसए’ परवान्याने मोकळे केले, म्हणजे कोकणी विकिपीडियाला ते वापरता येतील. 1 मे 2003 ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया आणि त्याचं भावंड मराठी विकिस्रोत याच परवान्याच्या कुळातले. मुंबईच्या एक टाइपने केलेली ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ ही अक्षरकुळं ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. कुणीही वापरावीत, बदलावीत, पुस्तक छापावं, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नये. मंडळाच्या कितीतरी आमंत्रणपत्रिकांवर ही अक्षरं दिसतात, आणि त्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही.

चौथा आवाज या सगळ्यांना थांबवून प्रश्न विचारणारा आहे, आणि मला तो अतिशय महत्त्वाचा वाटतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 2017 पासून त्या ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळतात. या संग्रहाचं मोठेपण आकड्यात नाही. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव नोंदलेलं आहे. आता ओवी कुणाची? ती एका बाईने रचली नाही, पण तिने त्यात आपल्या भावाची, आपल्या दुःखाची भर घातली. कायद्याच्या लेखी परंपरागत ओवीला मालक नाही, ध्वनिमुद्रणाला आहे. वारली चित्रांचंही तसंच. त्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या फलकावर ती फेर धरणारी माणसं असतात आणि डहाणू-तलासरीतल्या चित्रकाराला त्याची खबरही नसते. सगळं ज्ञान मोकळं व्हावं ही घोषणा बहुधा ज्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहे ते देतात, असं आदिवासी आणि मूलनिवासी समाजांतले कार्यकर्ते म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. त्यांनी परवान्यांऐवजी खुणपट्ट्यांची पद्धत काढली आहे: हे गाणं अमुक ऋतूतच, हे चित्र विचारल्याशिवाय नको. त्याला कायद्याचा जोर नाही, शिष्टाचाराचा आहे.

आता अर्विंगमध्ये बसून मराठी पुस्तक मोकळं करू पाहणाऱ्याची अडचण बघा. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. भारतात त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट 2010 संपताना संपला. 1 जानेवारी 2011 पासून ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतो, आणि छापतात. पण अमेरिकेने 1 जानेवारी 1996 ला परदेशी कृतींना नव्याने संरक्षण दिलं. त्या दिवशी जी कृती आपल्या मायदेशी हक्कात होती, तिला इथे प्रकाशनापासून 95 वर्षं. ‘श्यामची आई’ त्या दिवशी भारतात हक्कात होतीच, आणि पुस्तक तीसच्या दशकाच्या मध्यातलं, त्यामुळे अमेरिकेत ते 2030 उलटेपर्यंत तरी मोकळं होत नाही. पुण्यातल्या भाच्याने ते स्कॅन करून महाजालावर ठेवलं तर त्याचं बरोबर. मामाने टेक्सासमधल्या आपल्या संगणकावरून तेच केलं तर प्रश्न उभा राहतो. केशवसुत, बालकवी, गडकरी यांच्याबाबत ही कटकट नाही, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं सगळं दोन्हीकडे मोकळं. मधल्या पिढीचे लेखक मात्र दोन कायद्यांच्या फटीत सापडलेत, आणि मराठीची विसाव्या शतकातली सुगी नेमकी त्यांचीच आहे.

हयात लेखकांची अडचण वेगळी. त्यांना द्यायचं असतं, पण आपल्याकडे देण्यासारखं काय शिल्लक आहे हे ठाऊक नसतं. प्रकाशकाबरोबरचा करार अनेकदा एका पानाचा, कधी नुसता पत्राचा. भारतीय कायद्याच्या कलम 19 मध्ये लेखकाला आधार आहे: हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे करारात गप्प राहिलेल्या जागा लेखकाच्या बाजूने बोलतात. हे कळल्यावर किती तरी लेखकांना आपली पुस्तकं आपल्याच हातात असल्याचा शोध लागेल.

परवाना काय काय सांभाळत नाही, तेही जवळच घडलेल्या एका प्रकरणातून शिकण्यासारखं आहे. डॅलस भागातल्या एका शाळकरी मुलीचा फोटो तिच्या ओळखीच्या माणसाने फ्लिकरवर ‘बाय’ परवान्याने ठेवला. 2007 मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकला, बसथांब्यावर, तिची टर उडवणाऱ्या ओळीसकट. मुलीच्या घरच्यांनी डॅलसमध्ये दावा लावला. त्यात सुरुवातीला क्रिएटिव्ह कॉमन्सलाही ओढलं होतं, नंतर वगळलं. 2009 मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियन कंपनीवर आपलं अधिकारक्षेत्र नाही म्हणून प्रकरण निकाली काढलं, त्यामुळे मूळ प्रश्नावर निवाडा झालाच नाही. पण धडा लख्ख आहे. फोटो काढणाऱ्याने आपला हक्क दिला. फोटोतल्या मुलीचा हक्क त्याच्याकडे नव्हताच, तो देणार कसा? गणेशोत्सवात नाचणाऱ्या मुलांचे फोटो मंडळाच्या पानावर ‘मुक्त’ म्हणून टाकणाऱ्या प्रत्येकाने आधी पालकांची लेखी संमती घ्यावी.

‘एनसी’ या अटीवर मात्र माझे या पुस्तकाच्या लेखिकेशी मतभेद आहेत, आणि प्रस्तावनाकाराने ते लपवू नयेत. लेखिका नव्या लेखकांना सल्ला देते की बिचकत असाल तर ‘धंद्यासाठी नको’ ही अट घाला. मला ही अट वरून सुरक्षित आणि आतून अडचणीची वाटते. मंडळाच्या स्मरणिकेत जाहिराती असतात, नाटकाला तिकीट असतं. हा धंदा का? शाळेने प्रती काढायला दुकानात दिल्या आणि दुकानाने पैसे घेतले, तर? हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. ग्रेट माइंड्स नावाच्या संस्थेने आपलं ‘एनसी’ परवान्याचं शालेय साहित्य छापून देणाऱ्या फेडएक्स ऑफिसवर खटला भरला. 2018 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, शाळा स्वतः जे करू शकते ते ती दुकानाकडून करून घेऊ शकते. निकाल शाळांच्या बाजूने लागला, पण त्यासाठी वकील लागले. शिवाय विकिपीडिया आणि विकिस्रोत ‘एनसी’ची कृती घेतच नाहीत. मराठीत लेख मोकळा करायचा आणि मराठीच्या सगळ्यात मोठ्या मोकळ्या साठ्यात तो जाऊ द्यायचा नाही, हे मला पटत नाही. ‘एसए’ची अट पुरेशी आहे, फुकट घेऊन कुंपण घालणाऱ्याला ती पुरते. लेखिकेचं उत्तर असं, की आपल्या लेखकाची भीती आधी जायला हवी, आणि भीती घालवायला पहिली पायरी ठेंगणी असलेली बरी. वाचकाने ठरवावं.

आत्ताच हे पुस्तक का, याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं यंत्रांचं. जी यंत्रं आज मराठीत लिहिताहेत ती मराठी शिकली महाजालावर सापडलेल्या मजकुरातून, आणि त्यात विकिपीडियासारख्या मोकळ्या साठ्यांचा वाटा मोठा. अशा वापराला परवाना लागतो की नाही, यावर न्यायालयांत भांडणं चालू आहेत. दिल्ली उच्च न्यायालयातही 2024 पासून एएनआय या वृत्तसंस्थेचा असा दावा आहे. ‘एसए’ची अट यंत्राच्या उत्तराला चिकटते का, हेही ठरलेलं नाही. ठरलंय ते एवढंच, की निव्वळ यंत्राने काढलेल्या चित्राला अमेरिकेत कॉपीराइट नाही. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 2025 मध्ये तसं स्पष्ट केलं. तेव्हा यंत्राकडून काढून घेतलेल्या गणपतीच्या पोस्टरवर मंडळाने परवान्याची खूण छापणं निरर्थक. जे तुमचं नाही ते देणार कसं!

दुसरं कारण वयाचं आहे. अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा 1965 मध्ये बदलला, त्यानंतर आलेली मराठी पिढी आता थकली आहे. त्यांच्या तळघरांत आणि गराजमध्ये खोके आहेत: सायक्लोस्टाइल केलेली मंडळाची वार्तापत्रं, इथेच लिहून इथेच केलेल्या एकांकिका, नाट्यगीतांच्या बैठकींच्या कॅसेटी, पाककृतींच्या वह्या, भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या साहित्यिकांची ध्वनिमुद्रित भाषणं. यातलं बरंचसं कुठल्याही ग्रंथालयात नाही. डेंटनच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासचं ‘पोर्टल टु टेक्सास हिस्टरी’ 2004 पासून गावोगावचा असाच ऐवज डिजिटल करून ठेवतं, पण कुठल्याही संग्रहालयाचा पहिला प्रश्न एकच असतो: हक्क कुणाकडे? लेखक गेलेला, मुलं सिअ‍ॅटल आणि बॉस्टनला, त्यांना मराठी वाचता येत नाही, वार्तापत्राच्या संपादक मंडळातलं कुणी सापडत नाही. कुणी नाही म्हणत नाही, पण हो म्हणायलाही कुणी नाही, आणि आणखी 70 वर्षं खोका तसाच. मृत्युपत्रात घर, गाडी, निवृत्तीचा पैसा सगळं येतं. ‘माझं सर्व लेखन बाय-एसए परवान्याने’ ही ओळ त्यात घालायला वकील जादा पैसे घेत नाही.

हे पुस्तक वकिलांसाठी नाही, पण वकिलाने वाचलं तर त्याला हसू येणार नाही इतकं ते काटेकोर आहे. लेखिकेने कायद्याची कलमं दोन्ही देशांची शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि प्रत्येक प्रश्न लेखक, चित्रकार, गायक, शिक्षक, मंडळाचा सचिव अशा कुणा ना कुणाच्या तोंडून विचारला आहे. उत्तरं देताना ‘वकिलाचा सल्ला घ्या’ म्हणून हात झटकलेले नाहीत. जिथे खरोखर वकील लागतो तिथे मात्र तसं स्पष्ट सांगितलं आहे. लोकपरंपरेवरचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं, कारण तिथे लेखिका स्वतःच्याच उत्साहाला लगाम घालते. संगीताचा भाग त्या मानाने तोकडा वाटला. गीतकार, संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांच्या हक्कांचा गुंता मराठी भावगीतांत फार आहे, त्याला स्वतंत्र पुस्तकच लागेल, आणि ते कुणी तरी लिहावं.

शेवटी जोडलेले नमुने हा या पुस्तकाचा रोजच्या वापरातला भाग. स्मरणिकेसाठी लेख मागवताना लेखकाकडून घ्यायचं संमतिपत्र, मुलांच्या फोटोंसाठी पालकांचं, एकांकिकेच्या प्रयोगासाठीचं, आणि वारसांनी जुनं लेखन मोकळं करताना भरायचं. चारही मराठी आणि इंग्रजीत समोरासमोर छापले आहेत. संपूर्ण पुस्तक, ही प्रस्तावना धरून, बाय-एसए 4.0 परवान्याने दिलं आहे. नमुन्यांत आपल्या मंडळाच्या किंवा शाळेच्या गरजेप्रमाणे बदल करून घ्या. छापून वाटताना लेखिकेचं नाव आणि परवाना लिहा, आणि काय बदललं त्याचा उल्लेख करा. अटी तेवढ्याच आहेत.

अर्विंग, टेक्सास